गंजीच्या आडोशाचे पाच विद्यार्थी
(वाचन : मत्तय १८:१९-२०)

मुलगा विद्यापीठात गेल्यावर त्याचा विश्वास टिकेल काय, अशी काळजी पुष्कळ आईबाप आम्हांजवळ बोलून दाखवितात. त्यांनी पुढील हकीकत ध्यानात घ्यावी.

इ. स. १८०६ च्या ऑगस्टात अमेरिकेतील विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी शेतात प्रार्थनेस जमले. इतक्यात वादळ सुटले, तेव्हा त्यांनी गवताच्या गंजीचा आडोसा घेतला व तेथेच आशियातील लोकांकरिता प्रार्थना केली. त्यांत पाळक कोणी नव्हता. तरी त्या लहान मंडळीच्या उत्साहातून १८१० साली अमेरिकन बोर्ड निघाले, आणि त्याच कॉलेजात शिकलेले गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईस उतरले. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ असा झाला.

यास्तव मुलास पत्र लिहाल तेव्हा "उपासनेस जात जा" एवढ्यावर थांबू नका. दोघे-तिघे सोबती मिळव. आठवड्यातून एकदा मिळून एक अध्याय वाचा. जे कळले नाही ते न लाजता विचारा. एकमेकांचे नाव घेऊन प्रार्थना करा, असेही लिहा. एकटे लाकूड लवकर विझते.

आणि तुमच्या वाडीत विश्वासणाऱ्यांची दोनच घरे असली, तरी आज रात्री दिव्यापाशी हाच क्रम तुम्हीही आरंभावा.