बंद करून बघ

चिपळूण

चि. सायलीस,


तू पाठवलेला डॅशबोर्डचा फोटो काल रात्री नीट पाहिला. २७ प्लगइन, त्यातली ९ नुसती बंद करून ठेवलेली, ५ अपडेटची वाट बघत असलेली. आणि खाली तुझा प्रश्न : "मावशी, साइट उघडायला फार वेळ लागतो. वेग वाढवायला आणखी कुठलं प्लगइन घालू?" फोनवर दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळी झाले असते, पण मन राजी होईना. सुट्टीचा एकेक दिवस काढून तू बारवांच्या पायऱ्या मोजतेस, गावातल्या म्हाताऱ्यांशी बोलतेस, सगळं टिपून ठेवतेस. ते काम पुढची तीस वर्षं तरी लोकांना वाचता आलं पाहिजे. म्हणून हे पत्र.

आधी प्लगइन नेमकं काय करतं ते सांगते, म्हणजे पुढचं पटेल. वर्डप्रेस २००३ साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी सुरू केलं. पुढच्याच वर्षी १.२ आवृत्तीत प्लगइनची सोय आली. कल्पना अशी की मूळ घर आटोपशीर ठेवायचं आणि ज्याला जे जास्तीचं हवं ते त्याने बाहेरून जोडायचं. जोडायचं कसं? लग्नात भटजी पुकारतात ना, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं"? हाक आली की मामा उठतो, आपलं काम करतो आणि बाजूला होतो. वर्डप्रेसमध्ये पान तयार होताना अशा शेकडो हाका ठरलेल्या आहेत : आता शीर्षक छापतोय, आता मजकूर छापतोय, आता पानाचा तळ आला. यांना हुक म्हणतात. प्लगइन म्हणजे यातल्या एखाद्या हाकेला ओ देणारं कोड.

पण ज्याचं काम एकाच हाकेपुरतं, तोही मांडवात सुरुवातीपासून बसलेला असतो. चालू असलेलं प्रत्येक प्लगइन प्रत्येक पानाच्या वेळी उघडलं जातं. संपर्काचा फॉर्म तुझ्या एकाच पानावर आहे, पण त्याच्या फाइली वालूरच्या बारवेच्या लेखाबरोबरही वाचकाच्या फोनवर उतरत असतील. आणि दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. प्लगइनला घरात वेगळी खोली नसते. फोटोंखाली ओळ टाकणाऱ्या एवढ्याशा प्लगइनलाही तुझा सगळा डेटाबेस वाचता येतो, बदलता येतो, पुसताही येतो. ते कोणी लिहिलंय आणि आज ते कोणाच्या हातात आहे, हे म्हणूनच बघायचं.

२०१७ साली डिस्प्ले विजेट्स नावाच्या प्लगइनचं जे झालं ते मी आजही शिकाऊ मुलांना सांगते. बाजूच्या पट्टीतला कुठला भाग कुठल्या पानावर दिसावा, एवढंच त्याचं काम. दोन लाखांच्या आसपास साइटवर ते होतं. मूळ कर्त्याने ते विकलं. नव्या मालकाने अपडेटमधून असं कोड घुसवलं, की लोकांच्या साइटवर भलत्याच जाहिराती छापता याव्यात. आणि साइटचा मालक लॉगिन करून बघेल तर त्याला मात्र त्या दिसू नयेत. वर्डप्रेसच्या अधिकृत यादीतून ते चार वेळा काढावं लागलं, तेव्हा कायमचं गेलं. ज्यांनी नेमाने अपडेट केलं त्यांच्याच घरात चोर शिरला. म्हणून अपडेट करूच नये, असं मात्र मुळीच नाही. २०२० च्या सप्टेंबरमध्ये फाइल मॅनेजर नावाच्या प्लगइनमध्ये भोक सापडलं. आत वापरलेल्या एका लायब्ररीची नमुन्याची फाइल चालू शकेल अशा नावाने तशीच राहून गेली होती, आणि तिच्यातून कोणीही लॉगिन न करता साइटवर हवी ती फाइल चढवू शकत होतं. सात लाखांवर साइट उघड्या पडल्या. दुरुस्ती त्याच दिवशी आली, पण ती ज्यांनी लगेच घेतली नाही त्यांनी भोगलं. तुझ्या यादीत तेच प्लगइन आहे. ते आज काढ. फाइली चढवायला होस्टिंगचं पॅनल आहेच.

प्लगइन घेण्याआधी त्याचं पान उघडून तीन गोष्टी बघायच्या : शेवटचं अपडेट कधी झालं, वर्डप्रेसच्या कुठल्या आवृत्तीपर्यंत ते तपासलेलं आहे, आणि मदतीच्या पानावर लोकांच्या अडचणींना कर्ता उत्तरं देतो का. तिसरी गोष्ट कोणी बघत नाही. मी तीच सगळ्यांत आधी बघते, कारण माणूस जागेवर आहे का हे तिथे कळतं. आणि मित्राने टेलिग्रामवरून दिलेली ती विकतच्या प्लगइनची झिप फाइल. सायली, ती उघडूही नकोस. असल्या फुकट वाटलेल्या प्रतींमध्ये आणखी काय भरलंय हे वाटणाऱ्यालाच ठाऊक. परवडत नसेल तर त्या सोयीवाचून राहायचं.

आता कुठलं ठेवायचं आणि कुठलं नाही. माझी यासाठी एकच रीत आहे. प्लगइन बंद करून बघायचं. बंद केलं, साइट दुसऱ्या फोनवर उघडली, चार लेख वाचले. काय गेलं? वाचकाला काय कमी पडलं? मग काल रात्रीच तुझ्या साइटची प्रत माझ्या लॅपटॉपवर घेऊन मी हे केलं. स्लायडर बंद केला : पहिलं पान लगेच उघडलं, आणि ज्या सहा फोटोंतला दुसरा फोटो येईपर्यंतही कोणी थांबत नसेल ते सहा फोटो गेले. वाचकसंख्या दाखवणारं बंद केलं : काहीच गेलं नाही. पॉपअप बंद केला : वाचायला बरं वाटलं. फोटो खाली सरकताना उतरावेत म्हणून घातलेलं आणि शोधयंत्रांसाठी साइटचा नकाशा करणारं, ही दोन्ही कामं ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या ५.५ आवृत्तीपासून वर्डप्रेस स्वतःच करतं. तुझी ती दोन प्लगइन जुन्या सल्ल्यावरून आली असणार. जुने लेख वाचून साइट उभारणाऱ्या सगळ्यांचं हेच होतं.

मजकूर कॉपी होऊ नये म्हणून उजवी क्लिक बंद करणारं प्लगइनही दिसलं. त्यामागचं तुझं दुःख मला कळतं. तुझा लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवरचा लेख कोणीतरी नाव न घालता फिरवला. पण ज्याला चोरायचंय त्याला ते कुलूप अर्ध्या मिनिटात उघडतं. अडतो तो गावातला शिक्षक, ज्याला तुझा एक परिच्छेद मुलांना वाचून दाखवायला हवा असतो. तुझं लेखन त्याच्यासाठीच आहे ना? काढून टाक ते.

आणि मग मी गॅलरीचं प्लगइन बंद केलं. तिथे माझा जीव हलला. तुझ्या एकतीस लेखांत फोटोंच्या जागी चौकोनी कंसातली एकेक ओळ आली : एक शब्द आणि एक आकडा. बाकी काही नाही. म्हणजे तुझ्या लेखात फोटो नव्हतेच, प्लगइनला पाठवलेल्या चिठ्ठ्या होत्या. उद्या त्या कर्त्याने काम सोडलं तर एकतीस लेखांत एकतीस चिठ्ठ्या उरतील आणि कुठला फोटो कुठल्या पायरीचा हे तुलाही सांगता येणार नाही. वर्डप्रेसची स्वतःची गॅलरी वापर. ती दिसायला साधी आहे, पण फोटो आणि त्याखालची ओळ लेखाच्या मजकुरातच लिहिली जाते, आणि मजकूर कुठेही नेता येतो. रोज दोन लेख बदललेस तर पंधरवड्यात होईल. पानांची मांडणी करून देणारी बिल्डर प्लगइन तू अजून घेतली नाहीस हे फार चांगलं झालं. तिथे हाच गुंता दसपट असतो.

हे सगळं तपासताना एक मराठीची गोष्ट निघाली, तीही सांगून टाकते, कारण इंग्रजी मार्गदर्शनात ती कधी सापडत नाही. तुझ्या लेखाचं नाव "वालूरच्या बारवेत उतरणारी वळणदार वाट", पण त्याचा पत्ता "उतरणारी"पाशी तुटलाय. तुला वाटलं कुठलं तरी प्लगइन बिघडलं, आणि ते दुरुस्त करायला तू आणखी एक घातलंस. बिघडलेलं काहीच नव्हतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर वेगळं, काना वेगळा, वेलांटी वेगळी, जोडाक्षरातला पाय मोडल्याची खूणही वेगळी, तीन बाइट घेतं. पत्त्यात एका बाइटची तीन रोमन चिन्हं होतात. म्हणजे नुसत्या "का"ची अठरा. आणि पत्त्यासाठी वर्डप्रेसने राखलेली जागा आहे २०० चिन्हांची. "वालूरच्या बारवेत उतरणारी" यात आपली चिन्हं बरोबर २२, त्यांची झाली १९८, मध्ये दोन जोडरेघा. भरली जागा. व्हॉट्सॲपवर तोच दुवा टक्केचिन्हांची लांबच लांब माळ होऊन जातो, आणि समोरच्याला वाटतं हे काहीतरी फसवणुकीचं आहे. उपाय प्लगइनचा नाही. लेख प्रसिद्ध करतानाच पत्त्याच्या चौकटीत रोमन लिपीत दोन शब्द लिही, वालूर आणि बारव. जुन्या लेखांचे पत्ते बदललेस तरी वर्डप्रेस जुना पत्ता लक्षात ठेवतं आणि वाचकाला नव्यावर नेऊन सोडतं.

वेगाचं उत्तर एव्हाना निम्मं तुझं तुलाच मिळालं असेल. उरलेलं निम्मं तुझ्या फोटोंत आहे. सहा-सहा एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवतेस. वर्डप्रेस त्याच्या लहान प्रती करतं हे खरं, पण मूळ फोटोही सर्व्हरवर जागा अडवून बसतोच. चढवण्याआधीच लॅपटॉपवर लहान करून घे. मूळ फोटो घरच्या डिस्कवर राहू देत, ते तुझं खरं धन. फोटो लहान करणारी प्लगइन आहेत, पण त्यातली बरीचशी फोटो आधी स्वतःच्या सर्व्हरवर नेतात आणि फुकट मर्यादा संपली की पैसे मागतात. कॅशचं मात्र एक प्लगइन जरूर ठेव. तयार पान साठवून पुढच्या वाचकाला तेच द्यायचं, म्हणजे दर वेळी नव्याने स्वयंपाक नको. फक्त तुझ्या होस्टिंगवर लाइटस्पीड सर्व्हर आहे का ते विचार. असेल तर लाइटस्पीड कॅश, नसेल तर डब्ल्यूपी सुपर कॅश पुरेल. दोन कॅश एकत्र कधीच नकोत. तुझ्याकडे दोन आहेत.

बॅकअपबद्दल आता. हे मी हात जोडून सांगते.

मी एका वाचनालयाची साइट सांभाळायचे. त्यांचे दिवाळी अंक, व्याख्यानांची टिपणं, जुन्या सभासदांच्या आठवणी, सहा वर्षांचं सगळं तिथे होतं. बॅकअपचं प्लगइन रोज पहाटे चालायचं आणि मला "पूर्ण झालं" अशी मेल यायची. मी निर्धास्त. एका सोमवारी होस्टिंगवाल्यांचा सर्व्हर गेला आणि परत आला नाही. बॅकअपच्या फाइली त्याच सर्व्हरवर, त्याच खात्यात होत्या. मीच तशा ठेवल्या होत्या. साइटींच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या वेबॅक मशीनमधून एकेक पान शोधून आम्ही निम्म्याहून कमी परत जमवलं. एका आजींनी स्वातंत्र्याच्या रात्रीची आठवण सांगितली होती. ती टिपून घेणारे ग्रंथपाल तोवर वारले होते, आजी त्याआधीच गेल्या होत्या. ते पान वेबॅकलाही नव्हतं.

तेव्हा बॅकअपसाठी अपड्राफ्टप्लस हे प्लगइन ठेव आणि त्याला गुगल ड्राइव्हचा पत्ता दे. डेटाबेस रोज, फोटो आठवड्याने. महिन्याच्या पहिल्या रविवारी एक प्रत हाताने उतरवून आपल्या डिस्कवर घे. आणि ती उघडून बघ. जो बॅकअप कधी उघडून उभा केला नाही तो आहे असं मी धरत नाही.

बंद करून ठेवलेली ती ९ प्लगइन डिलीट कर. बंद प्लगइन काम करत नाही, पण त्याच्या फाइली सर्व्हरवर असतातच आणि त्यातल्या भोकातून आत येता येतं. अपडेट एका वेळी एकच, आधी बॅकअप घेऊन. कधी पान पांढरं पडलं तर घाबरून काहीही डिलीट करू नकोस. ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस तुला मेल पाठवून कुठल्या प्लगइनने घात केला ते सांगतं आणि आत यायला वेगळा दुवा देतं. मेल आलीच नाही तर होस्टिंगच्या पॅनलमधून त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदल. ते आपोआप बंद पडेल.

माझ्या लॅपटॉपवरच्या प्रतीत आता ५ प्लगइन उरली आहेत आणि तुझे सगळे लेख नीट वाचता येतात. पण हे मी तुझ्या साइटवर करणार नाही. एकेक बंद करून, बघून, तुझं तूच ठरव. येत्या शनिवारी येते आहेस ना, तेव्हा लॅपटॉप आण आणि तुझ्या ड्राइव्हवरची बॅकअपची फाइलही. तुझ्या मशीनवर लोकल नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकू आणि जेवणाआधी त्या फाइलीवरून वालूरची बारव पुन्हा उभी करून बघू. तुझ्या आईला सांग, आगळ काढून ठेवलंय, बाटली तुझ्याबरोबर देते.

तुझी,
नीलमावशी