साथ ओसरली, पण मनाचे काय?

मागच्या महिन्यात एका वाचकभगिनींचे पत्र आले. त्या लिहितात, 'आमच्या सासूबाई एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेल्या. मामंजी तेव्हा स्वतःच दवाखान्यात होते. आता इतकी वर्षे लोटली, पण घरात कुणाला साधा खोकला झाला तरी ते रात्रभर जागतात, तासातासाला उठून नातवंडांच्या कपाळाला हात लावून पाहतात. शेजारीपाजारी म्हणतात, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. हे वेड आहे का? यावर औषध आहे का?'

चार ओळींत उत्तर देण्यासारखे हे पत्र नाही, म्हणून आजचा लेख त्यासाठीच ठेवला आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र लगेच देतो. हे वेड नव्हे.

भीती वाटली की मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन नावाचे द्रव्य रक्तात मिसळते. छाती धडधडते, श्वास भरभर चालतो, तोंडाला कोरड पडते, पोटात कालवाकालव होते, झोप उडते. समोर साप आला तर ही तयारी उपयोगाची. साप निघून गेला की शरीर पुन्हा थाऱ्यावर येते. साथीत मात्र शत्रू डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे तो गेला असे मनाला पटत नाही. शिवाय घाबरल्याने छाती भरून येते आणि छाती भरून आली की माणसाला वाटते, झालाच आपल्याला रोग! २०२१ मध्ये बोटाला लावायचे ऑक्सिमीटर दिवसातून वीस वेळा लावणारे कितीतरी लोक मी पाहिले. आकडा ९८ असला तरी त्यांचा श्वास लागलेलाच असे.

हे कोरोनापासूनच सुरू झाले असेही नाही. ऑगस्ट १९९४ मध्ये आपल्या बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगची बातमी आली आणि पाठोपाठ सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची. थोड्याच दिवसांत लाखो लोकांनी सुरत सोडली. मी तेव्हा नुकताच दवाखाना टाकला होता. सुरतेहून परतलेल्या एका कामगाराला त्याच्याच भावकीने वेशीवर थांबवले होते. त्याला ना ताप होता, ना खोकला. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दुकानांतून नाहीशा झाल्या, कारण धडधाकट माणसांनी त्या घरात भरून ठेवल्या. सुरतेच्या त्या साथीतले मृत्यू शंभराच्या आतच राहिले. धास्तीने किती जणांची घडी विस्कटली, त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही.

कोरोनाच्या वेळी निदान अशी मोजणी झाली. या साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंतारोग आणि नैराश्य यांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच संघटनेने मार्च २०२० मध्ये, म्हणजे साथीच्या तोंडावरच, साधा सल्ला दिला होता. बातम्या दिवसातून एकदोनदा, ठराविक वेळीच पाहाव्यात आणि आजारी माणसाला त्याच्या रोगाच्या नावाने ओळखू नये. आपण दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. रोजचे आकडे आम्ही वर्तमानपत्रात लिहिणाऱ्यांनीही ठळक टाइपात वाचायला लावले. आणि 'ते पॉझिटिव्हवाले घर' ही ओळख कितीतरी घरांना रोगी बरा झाल्यावरही चिकटून राहिली.

आता माझीच एक चूक सांगतो. जून २०२१ मध्ये एक निवृत्त शिक्षक छातीत दुखते म्हणून माझ्याकडे आले. पत्नी दीड महिन्यापूर्वी साथीत गेलेली. कार्डिओग्राम स्वच्छ होता. मी पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. आठवड्याने ते पुन्हा आले, मी गोळ्या बदलल्या. बाहेर रांग होती, हे खरे. पण 'कसे आहात मास्तर?' एवढेही मी धड विचारले नाही. तिसऱ्या खेपेला ते शेवटचे रोगी होते आणि वीज गेली होती. औषधाचा कागद लिहिता येईना, म्हणून मी नुसता बसलो आणि सहज विचारले, "मास्तर, बाईंचे शेवटचे दर्शन झाले का?"

ते पाव तास रडले. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला देह लांबून पाहिला होता. तोंड पाहिले नव्हते, पाणी पाजले नव्हते, दहाव्याला कुणी आले नव्हते. ती खरोखर आपलीच बायको होती का, अशी शंका त्यांना रात्री छळत असे. वर एक टोचणी निराळीच. बाजारात ते गेले होते, म्हणून रोग आपणच घरात आणला असे त्यांनी धरून ठेवले होते. आपल्याकडे सुतकाचे दिवस, भेटायला येणारी माणसे, गेलेल्याच्या पुन्हा पुन्हा निघणाऱ्या आठवणी यांना आपण रूढी म्हणतो. त्या रूढीतच दुःख वाहून जाण्याची सोय होती, ती साथीने बंद केली.

मी त्यांना स्पष्टच विचारले, "जीव द्यावा असे मनात येते का?" ते खाली पाहत "हो" म्हणाले. असे विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. विचारल्याने माणूस मोकळा होतो आणि वेळेवर मदत देता येते. त्याच संध्याकाळी त्यांच्या मुलाला बोलावले, घरातले फवारणीचे औषध दुसरीकडे कुलपात हलवायला लावले, काही दिवस त्यांना एकटे ठेवायचे नाही असे ठरवले आणि दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे धाडले. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात; तोपर्यंत 'फरक नाही' म्हणून त्या सोडू नयेत. पुढे बाईंच्या वर्षश्राद्धाला सगळे नातलग आले. मास्तर त्या दिवशी सकाळपासून बाईंबद्दल बोलत होते, असे मुलाने मला सांगितले. त्यांची छाती अजून कधीमधी दुखते. तेव्हा ते येऊन बसतात, गोळी मागत नाहीत.

पोलिसांच्या भीतीने आत्महत्येचा प्रयत्न लपवणाऱ्या कुटुंबांनी एक ध्यानात घ्यावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरले जाते आणि त्याची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.

दारूचाही उल्लेख करायला हवा. टाळेबंदीत दुकाने बंद झाली तेव्हा रोज पिणाऱ्यांचे हात थरथरू लागले, काहींना झटके आले, काही असंबद्ध बडबडू लागले. हा दारू एकाएकी तुटल्याचा आजार आहे आणि त्याला रुग्णालयातच उपचार लागतात. घरच्यांना ती नाटके वाटली. एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे सॅनिटायझर पिऊन माणसे दगावली, ती याच तलफेपायी.

आता पत्रातल्या मामंजींकडे येतो. 'विसरा आता' किंवा 'तुम्ही उगाच घाबरता' असे त्यांना म्हणू नका. पोराला ताप आला तर थर्मामीटर सकाळी आणि संध्याकाळी त्यांच्याच हाती द्या, आकडा कागदावर लिहायला लावा. रात्रीची पाळी मात्र तुमच्यापैकी कुणीतरी घ्या आणि तसे त्यांना आधी सांगून ठेवा. त्यांनी पुन्हा पुन्हा 'बरा आहे ना?' विचारले तर दर वेळी नवी खात्री देत बसू नका, कागद दाखवा. दिवसा थोडे चालणे होऊ द्या, चहा दुपारनंतर नको. झोपेची गोळी दुकानातून परस्पर आणून देऊ नका. आणि सासूबाईंचा विषय त्यांच्यासमोर टाळता, असे तुमच्या पत्रावरून वाटते. तो तुम्हीच काढा. मामंजी रडले तर रडू द्या.

एवढे करूनही उपचार लागतीलच, असे मला वाटते. दोन आठवडे झोप, भूक किंवा रोजचे काम बिघडले तरी तज्ज्ञाला दाखवावे. इथे तर वर्षे गेली आहेत. हा त्रास बोलण्याच्या उपचाराने आणि गरज पडल्यास औषधाने पुष्कळ कमी होतो. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण तपासणीचा वार विचारून घ्या. लगेच बोलायचे असेल तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस आणि विनामूल्य आहे. तिथे मराठीत बोलता येते. तपासणीला जाताना मामंजींचे २०२१ चे दवाखान्याचे कागद आणि सध्या चालू असलेल्या सर्व गोळ्या बरोबर न्या. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या असल्या तरी न्या.