राजपुत्र, गंधर्वकन्या आणि मराठी कादंबरी

'कादंबरी' हे मुळात एका मुलीचे नाव आहे, हे मला यंदा वाङ्मयाचा इतिहास शिकताना प्रथम कळले. सातव्या शतकात सम्राट हर्षाच्या आश्रयास असलेल्या बाणभट्टाने संस्कृत गद्यात जी दीर्घ कथा लिहिली, तिची ही नायिका. ती गंधर्वराजाची कन्या. उज्जयिनीचा राजपुत्र चंद्रापीड किन्नरांच्या एका जोडप्यामागे घोडा दौडवतो आणि वाट चुकून अच्छोद सरोवराच्या काठी येतो. तेथे वीणा वाजवत बसलेली, प्रियकराचा शोक करणारी महाश्वेता त्याला भेटते. तिच्याबरोबर तो गंधर्वनगरीत जातो. मैत्रीण दुःखात असेपर्यंत लग्न करायचे नाही, असा कादंबरीचा निश्चय असतो. पण चंद्रापीडाला पाहताच तिचे मन डळमळते. बाणाच्या हातून ही कथा पुरी झाली नाही, ती त्याच्या मुलाने पूर्ण केली. पुढे इंग्रजी 'नॉव्हेल'ला मराठी नाव हवे झाले, तेव्हा आपल्या लोकांनी ह्याच मुलीचे नाव उचलले. त्यामुळे दुष्काळावरच्या पुस्तकालाही आपण नकळत एका गंधर्वकन्येच्या नावाने हाक मारतो.

हे सांगण्याचे कारण असे की, आपल्या अभ्यासक्रमात 'अद्भुतरम्य कादंबरी' हा विषय पाच गुणांच्या टिपेपुरता येतो. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) व 'रत्नप्रभा' (१८६६), नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८), एवढी नावे पाठ करायची. राजे, राजकन्या, दुष्ट प्रधान, अरण्ये, ताटातूट, योगायोग ही वैशिष्ट्ये लिहायची, आणि शेवटी 'ही मराठी कादंबरीची बाल्यावस्था होय' असे वाक्य टाकायचे. मीही गेल्या परीक्षेत तसेच लिहिले व मला चार गुण मिळाले. परंतु ते वाक्य लिहिल्यापासून मनाला काहीतरी टोचत आहे.

राजांचे वेड त्या काळच्या वाचकाला का असावे, हे समजणे फार कठीण नाही. आमच्या गावापासून थाळनेर जवळ आहे. तापीच्या काठचे हे ठाणे म्हणजे खानदेशच्या फारुकी सुलतानांची पहिली राजधानी. त्यांच्या कबरी अजून तेथे आहेत. ह्याच थाळनेरच्या किल्ल्यावर १८१८ च्या फेब्रुवारीत इंग्रज सेनापती हिस्लॉप चालून गेला. किल्ला पडल्यावर आतील शिबंदी कापली गेली आणि किल्लेदार तुळशीराम याला फाशी देण्यात आले. त्याच वर्षी पेशवाई बुडाली. 'मुक्तामाला' छापली गेली ती त्यानंतर अवघ्या त्रेचाळीस वर्षांनी. ज्यांच्या आज्याने खरे राज्य जाताना पाहिले होते, ते वाचक पुस्तकात राजा शोधत होते. ह्याला बालिशपणा कसे म्हणावे?

पण प्रेमाचे काय? ह्याचे उत्तर खुद्द रिसबुडांनी 'मंजुघोषा'च्या प्रस्तावनेत देऊन ठेवले आहे. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : आपली लग्ने ज्या रीतीने होतात तिच्यामुळे आणि इतरही काही कारणांनी आपल्या नित्याच्या आयुष्यात मन रमवील असे काही घडत नाही. जे रोज अनुभवतो तेच लिहिले तर वाचकाला गोडी लागणार नाही, म्हणून अद्भुताकडे वळावे लागते. आपल्या लेखनाचे इतके उघड कारण सांगणारा लेखक मला तरी दुसरा आढळला नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलीचे लग्न लावून दिले, की तिने कोणाला पाहावे, कोणासाठी झुरावे हा प्रश्नच उरत नाही. 'मुक्तामाले'ची नायिका तर विवाहित आहे. विरह रंगवायचा, तर तो पतीचाच.

रिसबुडांचे म्हणणे अर्धेच खरे आहे असे माझे मत आहे. बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' (१८५७) मध्ये विधवांची दुःखे आधीच लिहिली होती. पुढे १८९० पासून हरिभाऊंनी 'पण लक्षात कोण घेतो?' मध्ये यमूचे आयुष्य उभे केले, आणि साध्या घरात किती घडते हे सर्वांना दिसले. मात्र नीट पाहिले तर ह्या पुस्तकांत घडते ते बाईला सोसावे लागते. दुःख लिहायला आपले घर पुरले, पण मुलीने आपल्या मनाने कोणाला निवडले हे लिहायचे तर राजवाडा नाहीतर गंधर्वलोक गाठावा लागला. 'मोचनगड' (१८७१) पासून ऐतिहासिक कादंबरीत खरे किल्ले आले, शिवकाल आला. गंधर्व गेले, आणि त्यांच्याबरोबर ती निवडणारी मुलगीही मागे पडली असे मला वाटते. प्राध्यापकांना हे विधान धाडसाचे वाटेल.

माझे हे मत पुस्तकांवरून झाले नाही, आजीवरून झाले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आजीला अक्षरओळख नाही. तिचे लग्न तेराव्या वर्षी झाले, आणि आजोबांचे तोंड तिने मांडवातच प्रथम पाहिले. तीच आजी आम्हाला रात्री 'आसरास्नी गोट' सांगते. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी, डोहाकाठी शेंदूर लावलेल्या दगडांच्या रूपाने आपण पाहतो त्या. अभ्यासक ह्या शब्दाचे मूळ 'अप्सरा'त शोधतात. आजीच्या गोष्टीत थाळनेरच्या किल्ल्यावरचा एक तरणा शिलेदार घोड्याला पाणी पाजायला तापीवर उतरतो. सातांपैकी धाकटी त्याला पाहते आणि स्वतः होऊन विचारते, मला नेतोस का? अट एकच. अमावास्येच्या रात्री मी कुठे जाते हे विचारायचे नाही. तीन वर्षे संसार होतो. मग सासू विचारते आणि ती पाण्यात परत जाते.

पुरूरवा-उर्वशीच्या कथेतही अशीच अट आहे, आणि ऋग्वेदातील संवादसूक्तात तो राजा निघून गेलेल्या उर्वशीची विनवणी करतो. आजीने उर्वशीचे नावही ऐकलेले नाही. पण तिच्या गोष्टीतला शिलेदार विनवणी करत नाही. तो घोडा सोडून देतो आणि डोहाच्या काठी खोपटे बांधून राहतो. दर अमावास्येला ती वर येते, दोघे पहाटेपर्यंत बोलत बसतात.

काय बोलतात, असे मी लहानपणी एकदा विचारले होते. आजी म्हणाली, ते विचारायचे नाही असे ठरले आहे ना? आणि कंदील बारीक केला.