पिस्तूल येतं, शस्त्रागार येत नाही

शीतयुद्ध संपल्यावर पूर्व युरोपातल्या सैन्यांनी शस्त्रं बदलली आणि गोदामांतली मकारोव्ह, टोकारेव्ह पिस्तुलं, नागां रिव्हॉल्व्हरं अमेरिकेच्या बाजारात आली. सात गोळ्यांचं नागां एके काळी शंभर डॉलरच्या आत मिळायचं. ते दिवस गेले, पण इतिहासाचा नाद आणि बेताचा खिसा असलेल्या माणसाला या बाजाराचा मोह अजूनही पडतो. मलाही पडला. टेक्सासात स्थायिक झाल्यावर मी चेकोस्लोव्हाक सैन्याचं व्हीझेड ५२ घेतलं.

‘उत्तम स्थिती’ असं विक्रेत्याने लिहिलं होतं. नळी चकचकीत, सगळ्या भागांवरचे नंबर जुळणारे; तक्रारीला जागा नव्हती. पण या मॉडेलची एक खोड जाणकारांकडून कानावर आली होती, म्हणून रेंजवर जाण्याआधी गनस्मिथकडे गेलो. सुरक्षा-कळ वर रेटली की चढवलेला घोडा गोळी न सुटता खाली यायला हवा. त्याने बारूद आणि गोळी नसलेलं, नुसता प्राइमर असलेलं काडतूस भरलं, नळी सुरक्षित दिशेला धरली आणि कळ रेटली. प्राइमर फुटला. आतला भाग झिजलेला होता. भरलेलं काडतूस असतं तर चापाला बोट न लावता गोळी सुटली असती.

सैन्यात असताना या पिस्तुलामागे अख्खं शस्त्रागार उभं होतं: झिजलेला भाग वेळेवर बदलणारा कारागीर, सुट्या भागांचा साठा, काडतुसांचा पुरवठा आणि प्रत्येक गोळीचा हिशेब. आपण विकत घेतो ते फक्त पिस्तूल. शस्त्रागाराची कामं आपल्याच गळ्यात पडतात, आणि त्यांचा खर्च किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेला नसतो.

सुरुवात कायद्यापासून करा. मूळ स्वरूपातल्या, किमान ५० वर्षं जुन्या शस्त्रांसाठी संग्राहकांचा संघीय परवाना मिळतो: वय किमान २१, शुल्क ३० डॉलर, मुदत ३ वर्षं. प्रत्येक खरेदी-विक्रीची नोंद वहीत ठेवावी लागते आणि त्या परवान्यावर धंदा करता येत नाही. राज्यांचे नियम निराळे. न्यू जर्सीत प्रत्येक हँडगनसाठी स्वतंत्र परवानगी लागते. एच-१बी व्हिसावर असाल तर थोडे अपवाद सोडता शस्त्र बाळगणंच गुन्हा आहे. त्यावर मित्राच्या नावाने घेण्याची पळवाट काढू नका, तोही संघीय गुन्हाच.

पिस्तूल ठरवण्याआधी काडतुसं शोधा. मकारोव्हचं ९×१८ आणि सर्वत्र मिळणारं ९×१९ यांत नावापुरतंच साम्य आहे. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. नागांची काडतुसं मोजक्या ठिकाणी आणि चढ्या भावाने मिळतात. २०२१मध्ये अमेरिकेने रशियन काडतुसांच्या आयातीचे नवे परवाने थांबवल्यावर या मापांची चणचण वाढली. जुनी लष्करी काडतुसं स्वस्त दिसली तरी त्यांच्या प्राइमरमधून नळीत क्षार उरतात. ते हवेतला ओलावा शोषतात आणि नळी गंजते. नुसत्या तेलाने हे क्षार जात नाहीत. त्याच दिवशी नळी पाण्याने धुवायची, कोरडी करायची, मग तेल लावायचं.

घरी आणल्यावर पिस्तूल पूर्ण खोला. साठवणीचं घट्ट ग्रीस फायरिंग पिनच्या भोकात अडकलेलं असतं. पिन पुढे चिकटून राहिली तर चाप न ओढता बार उडू शकतो. स्प्रिंगा सरसकट बदला, त्या स्वस्त असतात. व्हीझेड ५२ची मूळ पिन ठिसूळ असते, रिकामा चाप ओढत बसलं तर तुटते. नवी पिन घ्या. मॅगझिनचे आणि सुट्या भागांचे भाव खरेदीआधीच काढा. मूळच्या टोकारेव्हला वेगळी सुरक्षा-कळ नव्हती, फक्त घोडा अर्ध्यावर अडवायची खाच होती. तिच्या भरवशावर नळीत काडतूस ठेवू नका. आणि जुना रंग उडालेला असला तरी नवा मुलामा देऊ नका. संग्राहकांच्या लेखी किंमत उतरते.

माझा ठोकताळा असा: पिस्तुलाच्या किमतीच्या निम्मी रक्कम गनस्मिथ, स्प्रिंगा आणि मॅगझिनसाठी बाजूला काढता येत नसेल, तर ते पिस्तूल आपल्याला परवडत नाही.

राहिला गोळ्यांचा हिशेब. रेंजवर नेलेली बॅग भारताच्या प्रवासाला कधीही वापरू नका. अस्तरात राहिलेलं एक जिवंत काडतूसही मुंबईच्या विमानतळावर १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल व्हायला पुरतं. तिथे इथला परवाना दाखवून सुटका होत नाही.