डीबग किल्ली : ती कोठे असते आणि ती कोठवर पुरते

अँड्रॉइडवर चालणारे मोबाइल ॲप तयार करावयास शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे एक अडचण हमखास उभी राहते. संगणक-कक्षातील यंत्रावर ॲप उत्तम चालते. सुट्टीत तोच प्रकल्प दुसऱ्या लॅपटॉपवर उघडला की गूगल खात्याने प्रवेश मिळेनासा होतो, किंवा नकाशाच्या जागी कोरी चौकट दिसू लागते. कोडमधील एक अक्षरही बदललेले नसते. विद्यार्थी आपल्याच कोडमध्ये रात्र-रात्र चूक शोधत बसतो. आणि घरात या विषयाचे दोन शब्द सांगणारे कोणी नसेल, तर ‘हे आपल्या आवाक्यातले नाही’ असा समज करून घेतो. वास्तविक अशा वेळी दोष बहुधा कोडचा नसतो आणि बुद्धीचा तर नसतोच. दोन यंत्रांवरील किल्ल्या भिन्न असतात, इतकेच. ही किल्ली कोणती, ती कोठे सापडते आणि तिच्यावर कितपत विसंबावे, याचा विचार आम्ही या लेखात करीत आहोत.

स्वाक्षरीचे प्रयोजन

‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण रोज वापरतो. जुन्या काळी पत्राच्या आरंभी शिक्का आणि अखेरीस मोर्तब असे. पत्र कोणाकडून आले हे शिक्क्यावरून कळे, आणि मोर्तबामुळे मजकुराखाली नवी ओळ घुसडता येत नसे. ॲपवरील डिजिटल स्वाक्षरी ही दोन्ही कामे करते. स्वाक्षरी नसलेले ॲप अँड्रॉइड फोनवर बसतच नाही. तसेच फोनवर असलेल्या ॲपची नवी आवृत्ती आली असता तिची स्वाक्षरी जुन्या आवृत्तीशी जुळते की नाही, हे फोन तपासतो. न जुळल्यास नवी आवृत्ती नाकारतो. या नियमामुळेच कोणी भामटा आपल्या बँकेच्या ॲपच्या जागी स्वतःचे ॲप बसवू शकत नाही.

शिकणाऱ्याने पहिल्याच दिवशी स्वाक्षरीची किल्ली कोठून आणावी? यासाठी अँड्रॉइडची साधने, पहिल्यांदा ॲप चालवून पाहताना, एक तात्पुरती किल्ली आपोआप तयार करून ठेवतात. तीच डीबग किल्ली होय.

किल्ली कोठे असते

ही किल्ली ‘डीबग डॉट कीस्टोर’ नावाच्या फाइलमध्ये असते, आणि ही फाइल वापरकर्त्याच्या स्वतःच्या मुख्य फोल्डरातील ‘डॉट अँड्रॉइड’ या फोल्डरात असते. विंडोजवर ‘सी’ ड्राइव्ह, त्यात ‘यूझर्स’, त्यात आपल्या नावाचा फोल्डर आणि त्यात ‘डॉट अँड्रॉइड’ असा मार्ग आहे. लिनक्स व मॅकवर टिंबाने सुरू होणारे फोल्डर लपलेले असतात, म्हणून ते नसल्याचा भास होतो. लिनक्सच्या बहुतेक फाइल-खिडक्यांत कंट्रोल व एच, तर मॅकवर कमांड, शिफ्ट व टिंब या कळा एकत्र दाबल्या की ते दिसू लागतात.

येथे दोन अपवाद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. यंत्राच्या मांडणीत अँड्रॉइडचा फोल्डर अन्यत्र हलविला असेल, तर किल्लीही तेथेच जाते. दुसरे असे की, रिॲक्ट नेटिव्हच्या तयार साच्यात डीबग किल्ली प्रकल्पाबरोबरच येते; ती ‘अँड्रॉइड’ फोल्डरातील ‘ॲप’ या पोटफोल्डरात असते. फ्लटर मात्र सामान्यतः वर सांगितलेली यंत्रावरचीच किल्ली वापरते.

म्हणून अंदाजाने शोधत बसण्यापेक्षा प्रकल्पालाच विचारणे श्रेयस्कर. अँड्रॉइड स्टुडिओच्या टर्मिनलमध्ये ग्रेडलद्वारे ‘साइनिंग-रिपोर्ट’ हे काम चालवावे. त्याच्या उत्तरात ‘स्टोर’ या शब्दापुढे किल्लीच्या फाइलचा पूर्ण मार्ग छापून येतो. प्रकल्प प्रत्यक्षात कोणती किल्ली वापरीत आहे, याचा हा निर्णायक पुरावा होय.

ठसा कसा वाचावा

याच उत्तरात खाली एसएचए-१ आणि एसएचए-२५६ या नावांपुढे अक्षरे व अंक यांच्या जोड्या दिसतात. पहिल्यात २० जोड्या, दुसऱ्यात ३२. हा त्या किल्लीच्या प्रमाणपत्राचा ठसा होय. जावाबरोबर येणाऱ्या ‘कीटूल’ या साधनानेही तो वाचता येतो. त्यासाठी लागणारा पासवर्ड सर्वत्र एकच, ‘अँड्रॉइड’ हा आहे. आणि किल्लीचे टोपणनाव ‘अँड्रॉइड-डीबग-की’ हे तीन शब्द इंग्रजीत लहान लिपीत, मध्ये जागा वा रेघ न सोडता, सलग लिहून होते.

गूगलच्या खात्याने प्रवेश देणारी सेवा ॲपला दोन गोष्टींवरून ओळखते : ॲपचे पॅकेज-नाव आणि हा ठसा. नकाशाची परवानगी आपल्याच ॲपपुरती मर्यादित केली असेल, तर तेथेही हाच नियम लागू होतो. आता आरंभीच्या अडचणीचा उलगडा होतो. प्रत्येक यंत्रावरील डीबग किल्ली स्वतंत्रपणे जन्मते, म्हणून तिचा ठसाही वेगळा असतो. कक्षातील यंत्राचा ठसा नोंदविलेला असतो, लॅपटॉपचा नसतो. आणि सेवा अनोळखी ठशाला दार उघडत नाही. उपाय सोपा आहे. फायरबेसमध्ये एका ॲपसाठी अनेक ठसे नोंदविता येतात. गटातील प्रत्येकाने आपल्या यंत्राचा ठसा तेथे जोडावा. किंवा गटाने एकच डीबग किल्ली प्रकल्पात ठेवून सर्वांनी तीच वापरावी.

डीबग किल्लीची मर्यादा

जिचा पासवर्ड जगाला ठाऊक आहे, ती किल्ली विश्वासाचा आधार होऊ शकत नाही. म्हणूनच प्ले स्टोर डीबग किल्लीने सही केलेले ॲप स्वीकारीत नाही. परंतु धोका त्याहून जवळचा आहे. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने गावातील बचत गटासाठी हिशेबाचे ॲप केले, डीबग किल्लीनेच सही करून ते दहा फोनांवर बसविले, आणि पुढे यंत्र बिघडल्याने ती फाइल गेली. साधने नवी डीबग किल्ली निमूटपणे तयार करतील. पण तिने सही केलेली सुधारित आवृत्ती ते दहा फोन नाकारतील. जुने ॲप काढून टाकल्यावाचून नवे बसणार नाही, आणि ते काढताच केवळ फोनवर साठविलेल्या नोंदी जातील. महिलांनी महिनोन्महिने भरलेला हिशेब एका फाइलपायी नाहीसा होईल.

यास्तव इतरांच्या हाती द्यावयाचे ॲप पहिल्या दिवसापासून स्वतंत्र किल्लीने सही करावे. या किल्लीचा पासवर्ड स्वतःचा असावा, तिची प्रत दोन सुरक्षित ठिकाणी ठेवावी, आणि ती प्रकल्पाच्या उघड्या फोल्डरात कधीही टाकू नये. प्ले स्टोरसाठी तिची मुदत २२ ऑक्टोबर २०३३ च्या पुढची असणे आवश्यक आहे. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोरवरील नव्या ॲपची अंतिम सही गूगलकडे असलेल्या किल्लीने होते. आपल्याकडील अपलोड-किल्ली हरवल्यास ती बदलून मागता येते. मात्र त्यामुळे तेथून उतरविलेल्या ॲपचा ठसा निराळा असतो. तो प्ले कन्सोलमधून घेऊन सेवांकडे नोंदविण्यास विसरू नये. प्ले स्टोरबाहेर वाटलेल्या ॲपला अशी सवलत नाही. तेथे हरवलेली किल्ली पुन्हा मिळत नाही.

अभ्यासासाठी

विद्यार्थ्यांनी आपल्या यंत्रावर ‘साइनिंग-रिपोर्ट’ चालवून किल्लीचा मार्ग व एसएचए-१ ठसा वहीत उतरवावा, शेजारच्या यंत्राशी ताडून पाहावा, आणि दोन्ही भिन्न का, हे दोन वाक्यांत लिहावे. या क्षेत्रात नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, सुट्टीत भेटीस आल्यावर कोणा एका मुलाशेजारी बसून हा प्रयोग करून दाखवावा. पालकांनीही, मूल पडद्यापुढे खिन्न बसलेले दिसले, तर त्याची बुद्धी कमी पडली असे मानू नये. पुष्कळदा उणीव ज्ञानाची नसते; एका फाइलचा पत्ता सांगणारे कोणी भेटलेले नसते. तो पत्ता ज्याला ठाऊक झाला, त्याने तो पुढच्याला सांगावा.