काळीत तळघर खोदण्याआधी

हिंगोली,
श्रावणातला दुसरा सोमवार

चि. बाळूस,


तू पाठवलेला नकाशा मोबाइलवर पुन्हा पुन्हा मोठा करून पाहिला. वर दोन मजले, खाली नऊ फुटांचं तळघर. त्यात एका अंगाला हळदीची पोती, दुसऱ्या अंगाला स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका. नकाशा काढणारा पुण्याचा माणूस हुशार दिसतो. पण त्यानं तुझ्या प्लॉटवरची माती काही हातात घेतलेली नाही. म्हणून हे पत्र.

तो प्लॉट म्हणजे कालपरवापर्यंत वावर होतं. आपल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन शब्द असायचे. पेरायचं काळीत, राहायचं पांढरीवर. धान्याचं पेव काढलं तरी ते पांढरीतल्या उंच, टणक जागी. आता गाव वाढलं, काळीचे प्लॉट पडले. त्याला इलाज नाही. पण काळीत राहायचं तर तिचा स्वभाव माहीत पाहिजे.

वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ खाली उतरतो. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि तीच माती भिंतीला रेटायला लागते. तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली काळा पाषाण. मुरमात उतरलेलं पाणी पाषाणावर अडतं आणि उताराच्या दिशेनं आडवं चालायला लागतं. तुझं तळघर नेमकं त्या वाटेत येणार. शिवाय खोदकाम करून भिंत उठवल्यावर कडेची फट आपण त्याच उकरलेल्या सैल मातीनं भरतो. म्हणजे घराभोवती आपणच पाणी धरणारी परात बसवतो. अशा मातीत आठ फूट पाणी चढलं, तर भिंतीच्या तळाशी दर चौरस मीटरला जवळजवळ अडीच टनांचा रेटा बसतो. सिमेंटला कुठं केसाएवढी चीर असली तरी पाणी ती शोधून काढतं.

हे पुस्तकातलं सांगत नाही. वीस वर्षांपूर्वी भाव चढेल म्हणून मी हळद तळघरात ठेवली होती. गणपती उठल्यावर दार उघडलं तर खालच्या थराची पोती हाताला गार लागली. एक उचलायला गेलो तर सुतळी हातात तुटून आली आणि कांड्यांवर पांढरी बुरशी. भिंत आणि फरशी जिथं मिळतात, त्या सांध्यावर बोटभर ओलीची रेघ. मी काय केलं? आतून वॉटरप्रूफिंगचं प्लास्टर मारून घेतलं. दुसऱ्या पावसाळ्यात त्याचे पापड सुटले, मागं लोणा. पाणी पाठीमागून ढकलत असताना पुढून लेप लावून ते थांबणार कसं? कारण सापडलं तिसऱ्या वर्षी. गच्चीचा पाइप त्याच कोपऱ्यात, भिंतीच्या मुळाशी सुटत होता. बारा फूट पाइप वाढवून पाणी अंगणापलीकडं नेलं आणि ओल निम्म्यावर आली. चूक मिस्त्रीची नव्हती, माझ्या नजरेची होती.

हिशोब करून बघ. तुझी गच्ची 1000 चौरस फुटांची. 50 मिलिमीटर पाऊस झाला तर तिच्यावरून साडेचार हजार लिटरांच्या वर पाणी उतरतं, म्हणजे छोटा टँकरच. तो भिंतीच्या मुळाशी रिकामा करायचा की लांब, हे तुझ्या हातात आहे. तळघरात येणारं पाणी भूगर्भातून येतं असं लोक समजतात. बरेचदा ते आपल्याच गच्चीचं आणि आपल्याच अंगणाचं असतं.

तेव्हा आधी बाहेरचं बघायचं. गच्चीचे पाइप लांब सोड. घराभोवतीच्या जमिनीला दहा फुटांत सहा इंच तरी बाहेर ढाळ दे. शोषखड्डा जरूर कर. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीनं शोषखड्ड्यांच्या जोरावर उघडी गटारं घालवली. पण तो तळघरापासून लांब आणि उताराच्या बाजूला असावा. नाहीतर पाणी जिरवायला जाशील आणि भिंतीलाच पाजशील.

भिंतीचा लेप बाहेरून, माती भरायच्या आधी. पायाशी छिद्रांचा पाइप, त्याभोवती खडी, आणि तो उतारानं एका खड्ड्यात सोडलेला. तिथून पंपानं उपसा. कडेच्या फटीत काळी परत घालू नकोस. ती शेतात टाक. तिथं मुरूम आणि खडी भर. फरशी-भिंतीच्या सांध्यात पाणी अडवणारी पट्टी काँक्रीट ओततानाच बसवावी लागते. मागाहून लाख खर्चलेस तरी ती बसत नाही. आणि पंपाला इन्व्हर्टर हवाच. जोराचा पाऊस आला की आपल्याकडं आधी लाइट जाते, आणि पंपाची गरज नेमकी तेव्हाच असते.

पावसाळ्यात भिंत ओली दिसली म्हणजे गळतेच असंही नाही. औंढ्याला नागनाथाच्या गाभाऱ्यात वाकून खाली उतरलास की कसा घाम फुटतो, आठवतं ना? कोंडलेल्या दमट हवेचंही पाणी होतं. भिंतीला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटव आणि दोन दिवसांनी बघ. थेंब तुझ्या बाजूला असतील तर हवा खेळती कर. भिंतीच्या बाजूला असतील तर पाझर आहे.

आता अभ्यासिकेचं. 27 जुलै 2024 ला दिल्लीत जुन्या राजेंद्र नगरात शिकवणी वर्गाच्या तळघरातल्या अभ्यासिकेत रस्त्यावरचं पाणी घुसलं आणि तिघं विद्यार्थी बुडाले. त्याच सालच्या सप्टेंबरात आपल्या कयाधू नदीच्या पुरानं काय केलं, ते आम्ही इथं पाहिलं. रस्ता दर डागडुजीला वर चढतो, आपला उंबरा मात्र आहे तिथंच राहतो. आज रस्त्याच्या वर असलेलं दार दहा वर्षांनी खाली गेलेलं असतं. हळद भिजली तर माझं नुकसान झालं, संपलं. लोकांच्या लेकरांचं तसं नाही. अभ्यासिका वरच्या मजल्यावर ने. खाली पोती, तीही लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर.

आणि तळघर नऊ फूट खोल करायचं की चार फूट जमिनीत, पाच फूट वर काढायचं, हे नकाशावाल्याला विचारू नकोस. ते तुझ्या प्लॉटशेजारची विहीर सांगेल. मे महिन्यात तिचा तळ दिसतो, त्याला भुलू नको. भादव्या-आश्विनात तिच्यात पाणी किती परसावर येतं ते बघायचं. पोळ्याला येशील तेव्हा एकदा दोर सोडू, दसऱ्याला पुन्हा. पाणी चार फुटांवर आलं, तर खोदायचंच नाही, पोतीही वरच. जेसीबी त्यानंतर सांग. इसार दिला असशील तर तारीख पुढं ढकल.

सुनेला आशीर्वाद, लेकरांना पापे.

तुझा,
मामा