दादाच्या कोलोनोस्कोपीसाठी आत्याचा कानमंत्र

फोनवर बोलणं झालंच आहे, तरी लिहून पाठवते. ऐन वेळी गडबडीत आठवत नाही. एंडोस्कोपीच्या खोलीत नर्स म्हणून मी सगळी नोकरी केली, त्यावरून सांगते: या तपासणीचं निम्मं काम घरीच होतं. आतडं साफ नसेल तर डॉक्टर कितीही निष्णात असले तरी चोथ्याखालचं त्यांना दिसत नाही. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची वाढ. काही देठावर असतात, ते पटकन दिसतात. काही चपटे, अस्तराला धरून असतात आणि पाणी गढूळ असलं की नेमके तेच सुटतात. अशा पॉलिपचा कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं जातात. तेवढ्या काळात तो सापडला तर तिथल्या तिथे काढता येतो. तयारीत हयगय नको म्हणते ती एवढ्यासाठी.

सगळ्यात आधी दादाच्या, म्हणजे तुझ्या वडिलांच्या, गोळ्यांची यादी कर आणि डॉक्टरांना दाखव. लोहाची गोळी चालू असेल तर ती साधारण आठवडाभर आधी बंद करतात. तिने शौच काळं, चिकट होतं आणि धुतलं जात नाही. दादाला स्टेंट आहे, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळीबद्दल त्याच्या हृदयाच्या डॉक्टरांनाच विचार. ती आपल्या मनाने बंद करायची नाही आणि चालूही ठेवायची नाही. मधुमेहाच्या गोळ्यांचंही तसंच. पोटात अन्न नसताना नेहमीची मात्रा घेतली तर साखर एकदम उतरते. ग्लुकोमीटर हाताशी ठेव.

तीन दिवस आधीपासून वहिनीला सांग: भाकरी, पालेभाज्या, शेवग्याच्या शेंगा, मोड आलेली कडधान्यं, तीळ, शेंगदाणे, पेरू, अंजीर, बियांसकट टोमॅटो, सगळं बंद. जेवणानंतरची बडीशेपसुद्धा नको. इसबगोल घेत असेल तर तोही थांबव. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, साल काढून उकडलेला बटाटा, दही, ताक, अंडं चालेल. मध्ये एकादशी आली तर उपासाचं म्हणून साबुदाण्याची खिचडी देऊ नका, त्यात दाण्याचं कूट असतं. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि पारदर्शक: शहाळ्याचं पाणी (मलई नको), गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा, वरणावरचं गाळलेलं पाणी. कोकम सरबत आणि बीट मात्र अजिबात नको. तो लाल रंग आत रक्तासारखा दिसतो.

आता पोट साफ करायचं औषध. पावडर पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवायची, बहुतेक पाकिटांना दोन लिटर लागतं. पाणी मोजून घे, अंदाजाने नको. साखर, मध घालू नकोस, लिंबाचे चार थेंब पिळलेले चालतात. फ्रीजमध्ये गार केलं की तो खारट, बुळबुळीत घोट सोपा जातो. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला द्यायचा. मळमळलं तर अर्धा तास थांबून पुन्हा हळूहळू सुरू करायचं. पोट टम्म फुगलं आणि शौचाला होतच नाही, किंवा उलट्या थांबत नाहीत, तर पुढचा पेला न देता डॉक्टरांना फोन कर.

हे औषध दोन हप्त्यांत द्यायचं, अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं पहाटे. लोक चुकतात ते दुसऱ्या हप्त्याला. अर्धं औषध संध्याकाळी पोटात जातं, रात्री पोट साफ होतं आणि वाटतं, झालं काम. पण रात्रभर लहान आतड्यातून पित्त आणि चिकट द्रव खाली उतरत राहतो आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला त्याचा थर बसतो. तो पहाटेच्या औषधानेच धुतला जातो. दहाची वेळ असेल तर पाचला उठव. संपवायची वेळ मात्र हॉस्पिटलने सांगितलेली पाळ, त्यानंतर पाणीही नाही. शेवटी शौच लघवीसारखं पिवळसर, आरपार दिसणारं पाणी व्हायला हवं. भांड्याचा तळ स्वच्छ दिसतोय का, हे तू स्वतः बघ, दादाच्या 'झालं रे'वर जाऊ नकोस. गढूळ किंवा तपकिरी असेल तर निघण्याआधीच हॉस्पिटलला कळव.

पहाटेच्या औषधावर साताऱ्याहून पुण्याला गाडीत बसणं शक्य नाही. म्हणून आदल्या दिवशी दुपारीच माझ्याकडे या. कमोडची खोली त्याच्या पलंगाला लागून आहे. रात्री दिवा चालू राहील, फरशी कोरडी ठेवीन, दाराला आतून कडी लावायची नाही. आमच्याकडे पाणी ठरावीक वेळेलाच येतं, म्हणून पिंप आधीच भरून ठेवीन. वारंवार धुऊन कातडी सोलवटते, त्यासाठी सुरुवातीपासूनच खोबरेल तेल लावायला सांग. चक्कर आली तर उठवायचं नाही, आडवं करून मला हाक मार.

भुलीचं इंजेक्शन देतील, त्यामुळे त्या दिवशी दादाने स्कूटर चालवायची नाही, कुठल्या कागदावर सही करायची नाही. पोटात हवा भरतात, ती सुटेपर्यंत गुबारा धरतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पॉलिप काढला असेल आणि नंतर भरपूर रक्त पडलं, ताप आला किंवा पोट कडक होऊन दुखू लागलं, तर रात्र काढू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

रिपोर्ट हातात आला की पुढची तपासणी किती वर्षांनी करायची ते डॉक्टरांकडून लिहून घे. आणि मोठा पॉलिप किंवा त्याहून गंभीर काही निघालं, तर तुझी स्वतःची कोलोनोस्कोपी कधी करायची तेही त्याच वेळी विचार. वडिलांना असेल तर मुलांची तपासणी बहुधा चाळिशीतच, कधी त्याहीआधी सुरू करतात.